‘चौकस’चे चार अंक

मुरबाड, ता. ९ मार्च १९३८

ती. मंगळूमामांना भाचा कमळूचा वाकून नमस्कार. तुमचा हिवताप उतरल्याचे कळले. ‘चौकस’मध्ये ते छापून आलेले नाही, तेव्हा खरे असावे. मामी बऱ्या आहेत ना?

मामा, मी लोकल बोर्डावर निवडून आलो तो तुमच्या आजारपणामुळे, हे आधीच कबूल करतो. (मामा आजारी पडला म्हणून आभार मानणारा भाचा तुम्ही पहिल्यांदाच पाहत असाल.) मी उभा राहिलो तेव्हा ठाण्याच्या या ‘चौकस’ साप्ताहिकाने मला ‘तालुक्याचे भूषण’ म्हटले. मग मी माझी हस्तपत्रके त्यांच्या छापखान्यात न देता कल्याणला छापून घेतली. पुढच्याच अंकात मी नुसता ‘होतकरू’ झालो, तिसऱ्यात ‘हेकट’ आणि चौथ्यात ‘तालुक्यावरचे संकट’. (मधल्या काळात माझ्यात बदल एवढाच, की हजामत केली होती.) धसईच्या बाजारात सगळे तुमच्या तोंडून ‘चौकस’ ऐकतात आणि ऐकतील तसे मत देतात.

पण तुम्ही महिनाभर गोधडीत! टपालवाला एकावर एक अंक टाकत गेला आणि तुम्ही उठलात ते थेट मतदानाच्या आदल्या बाजारी. गठ्ठा वरून वाचायला घेतलात. आधी संकट, मग हेकट, मग होतकरू, शेवटी भूषण. विठू गाडीवान तिथे होता. तो सांगतो, लोक कौतुकाने माना डोलवत होते, “म्हयन्यात मानूस केवडा सुधारला रे!” मामा, हे ऐकून मी पडवीत बसून ढसाढसा रडलो. तुमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

ता. क. कालच्या अंकात ‘चौकस’ लिहितो, ‘आमचे भाकीत खरे ठरले.’ कोणते, ते लिहिलेले नाही.

आणखी ता. क. मामींनी निरोप धाडलाय, की अंकावरच्या तारखा तुम्हाला तापातसुद्धा नीट वाचता येतात. मी काही विचारत नाही.

शेवटचे. त्या चौथ्या अंकातले एक वाक्य खरे होते: ‘वाडीला विहिरीचा शब्द दिला आणि विसरला.’ काल वाडीची तानी दारात आली. तिला मताचा हक्क नाही, म्हणून मी तिला कधी रामरामही घातला नव्हता. म्हणाली, “तू सुधारलास आसा समदी सांगतात. मंग हीर कवा खनतोस?” तुमच्या ओळखीचे विहीर खणणारे गडी सोमवारी वाडीवर पाठवा, मीही कुदळ घेऊन येतो. आणि पाणी लागेपर्यंत बाजारात माझ्याबद्दल काही वाचू नका, चांगले छापले असले तरी.

तुमचा कमळू