खारटाचे चार थेंब

भाईंदर (पूर्व),
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय निशाताई,

नमस्कार. ‘इकडे सगळं ठीक आहे’ असं लिहिलं होतं, तो कागद फाडला. बाबा इस्पितळातून घरी आलेत, पायांची सूज उतरलीय, पण जिन्याच्या चार पायऱ्यांत दम लागतो. पुढच्या शुक्रवारी हृदयाच्या डॉक्टरांकडे परत जायचंय. क्षितिजा हॉस्टेलवरून रोज आजोबांची चौकशी करते. तुमचा भाऊ नेहमीसारखा शनिवारी पुण्याहून येतो, आणि ते दोन दिवस स्वयंपाकघर त्याच्याच ताब्यात असतं.

तुम्ही म्हणाल, ही बया फोन सोडून कागद कशाला काळे करतेय? फोनवर तुमचा आवाज ऐकला की माझी वाचाच बसते, म्हणून.

जुलैतल्या तापानंतर माझ्या तोंडाची चव गेली होती. तुम्ही विचारलंत तेव्हा ‘आली परत’ म्हणाले. आली नव्हती. सगळं अळणी लागायचं. पण चव गेली म्हणून कोणी रजा घेतं का, म्हणून मीही गप्प बसले. या सोमवारी शेजारची शालू जेवायला बसली आणि पहिल्याच घासाला थांबली. “उर्मिला, उत्तनचा समुद्र ओतलास काय गं आमटीत?” ती हसली. मला काही हसू आलं नाही.

दुसऱ्याच दिवशी काशीमीऱ्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे गेले. पोरसवदाच आहे, रुचिता नावाची. तिने टेबलावर सोळा बाटल्या मांडल्या. गोड, खारट, आंबट, कडू, प्रत्येकाच्या चार, फिक्यापासून कडकपर्यंत. ती जिभेवर थेंब टाकणार, मी कार्डावरच्या शब्दावर बोट ठेवायचं, चूळ भरायची, की पुढचा थेंब. खोटं कशाला सांगू, मी तिच्या चेहऱ्यावरून उत्तर ओळखायला बघत होते. तिने मास्क लावला होता. सोळापैकी पाच बरोबर आले. खारटाच्या चारही थेंबांना मी ‘काहीच नाही’वर बोट ठेवलं, आणि त्यातला शेवटचा तर तोंड वाकडं होईल इतका कडक होता म्हणे.

आकडा लिहिता लिहिता तिने सहज विचारलं, “घरी स्वयंपाक कोण करतं?”

ताई, मला तिथेच सगळं कळलं. इस्पितळात मोठ्या डॉक्टरांनी ‘ही सूज मिठाने वाढलीय, एवढं मीठ पोटात जातं कुठून?’ असं विचारलं, तेव्हा मीच ठणकावून सांगितलं होतं, घरचं जेवण, माझ्या हातचं, मीठ अगदी बेताचं. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की बाबा नाक्यावर चोरून फरसाण खातात. तुम्ही त्यांना फोनवर नको नको ते बोललात आणि तेव्हापासून बोलणंच टाकलंत. ते म्हणाले, “हो, खाल्लं.” मी बाजूला उभी राहून मान डोलावली. आणि घरी आणल्यावर पुन्हा त्याच हाताने त्यांना वाढलं.

मंगळवारी घरात पाऊल टाकल्या टाकल्या विचारलं, बाबा, माझं जेवण खारट लागत होतं ना? पेपरातून मान वर न काढता म्हणाले, “थोडंसं. मी पाणी घालून घ्यायचो.” अन्नाला नावं ठेवायची नाहीत, पानात काही टाकायचं नाही, हे तुमच्या माहेरचं वळण. मला तर त्याचं कोण कौतुक. चार महिने तो माणूस ताट पुसून जेवला, आणि मी आग्रह करकरून वर वाढत राहिले.

“मग फरसाणाला हो का म्हणालात?” विचारलं, तर म्हणे, “तू आधीच खंगलेली. त्यात तुझ्या हाताला कोणी बोललं असतं, ते मला सोसलं नसतं.”

चव येईल म्हणतात, महिने लागतील. तोवर मीठ डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच, चमच्याने मोजून, आणि शालू चाखते. तरी बाबा पहिला घास घेतात तेव्हा माझा जीव थाऱ्यावर नसतो. तुमच्या भावाला शनिवारी सांगेन, डॉक्टरांना शुक्रवारी. तुम्हाला आधी सांगतेय, कारण बाबा रोज विचारतात, “निशाचा फोन होता का?” आणि मी रोज सांगते, ताई कामात आहेत.

फरसाणाचा दाणाही त्यांनी खाल्लेला नाही. पत्र मिळताक्षणी त्यांना फोन करा. मला काय बोलायचं ते मागाहून बोला, मी ऐकून घेईन. पण आधी त्यांना.

तुमच्या बाबांनी पाठीशी घातलेली,
उर्मिला