रांगेत हलवलेलं गाणं

सांगली,
२१ मार्च १९९९

प्रिय कुतुब,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते न फोडताच बाजूला ठेवशील, अशी भीती आहे. तसं केलंस तर ते चुकीचंही नाही. सांगलीहून आष्ट्याला एसटीनं जेमतेम पाऊण तास लागतो, दर रविवारी मी घरी येतो, आणि तरी आठ वर्षांत तुझ्या दुकानाची पायरी चढलो नाही. चौकातून जाताना पलीकडच्या बाजूनं जातो. तू आत मान खाली घालून कुणाचा तरी रेडिओ दुरुस्त करत असतोस. एकदा तू वर पाहिलंस तर मी चक्क एका चपलांच्या दुकानात शिरलो आणि नको असलेल्या चपला घेऊन बाहेर पडलो. त्या अजून चावतात.

माझं काम तुला सांगायला हवं, कारण त्यातूनच हे सगळं वर आलं. विश्रामबागेत एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे, आणि आम्ही सध्या कॉम्प्युटरवर गाणी वाजवण्याचा एक प्रोग्रॅम बनवतोय. कॅसेट नाही, डेक नाही, गाणी कॉम्प्युटरच्या पोटातच. त्यातली एक खिडकी माझ्याकडे आहे: पुढं कुठली गाणी लागणार त्यांची यादी कशी दिसावी. चालू गाणं ठळक, पुढची त्याखाली जरा फिकट, उजवीकडं प्रत्येकाची मिनिटं. वाजून झालेलं गाणं पुसून टाकायचं की तसंच ठेवायचं, यावर आम्ही दोन दिवस भांडलो. तुला हसू येईल. पण कुतुब, मी पहिल्या दिवशी कागदावर जे रेखाटलं ती तुझी लग्नातल्या साउंडची फळीच होती. ॲम्प्लिफायरच्या पेटीवर आडवी टाकलेली, तिच्यावर डावीकडून ओळीनं मांडलेल्या कॅसेटी, प्रत्येक कॅसेट पेन्सिलीनं फिरवून बरोबर गाण्याच्या तोंडाशी आणलेली. "रांगेला हात लावायचा न्हाई," असा तुझा एकच कायदा होता. कारण तू कॅसेट बघून उचलतच नव्हतास. तुझे डोळे मांडवाकडं असायचे आणि हात आपोआप पुढची कॅसेट घ्यायचा.

आता ते सांगतो, जे तुला माहीत आहे आणि मी कधी कबूल केलं नाही. आम्रपालीताईच्या लग्नात कराडहून माझे कॉलेजचे चौघं मित्र आले होते. त्यांच्यापुढं मी फुशारकी मारली, की साउंडवाला आपला दोस्त आहे, म्हणाल ते गाणं लावतो. तुला सांगितलं तर तू म्हणालास, "रांगेत यील तवा लागंल गड्या." मित्र हसले. माझं नाक कापलं गेलं असं मला वाटलं. कर्ण्याची वायर सुटली म्हणून तू लिंबावर चढलास, तेवढ्यात मी आमची नाचाची कॅसेट उचलून रांगेत पहिली ठेवली. बौद्धाचार्य नेहमी तासभर उशिरा येतात, तोवर एक गाणं होऊन जाईल असा माझा हिशोब. ते बरोबर त्याच दिवशी वेळेवर आले. तू झाडावरून उतरून पळत आलास, त्यांनी हात वर केला, आणि तू न बघता पहिली कॅसेट घातलीस.

मेणबत्त्या लागल्या होत्या. पांढऱ्या साडीत ताई डोळे मिटून उभी होती, सगळा मांडव हात जोडून उभा होता, आणि वंदनेच्या जागी कर्ण्यातून ते ढोल आणि ती किंचाळी. तू वायर उपटलीस तोवर पाच-सहा सेकंद गेले असतील. मला ते अजून ऐकू येतात. आण्णा सगळ्यांदेखत तुझ्यावर धावून आले. "आमच्या वंदनेची थट्टा करतूस व्हय रं? उचल तुजा बाजा!" तू फळीकडं पाहिलंस. मग माझ्याकडं पाहिलंस. आणि आण्णांना म्हणालास, "आण्णा, माझा हात चुकला."

मी तिथंच उभा होतो, कुतुब. तीन पावलांवर. करून सवरून नामानिराळा. त्यानंतर आमच्या वस्तीतलं एकही लग्न तुला मिळालं नाही, जयंतीचा साउंड बाहेरगावच्या माणसाकडं गेला, आणि लोक काय काय बोलले ते तू माझ्यापेक्षा जास्त ऐकलं असशील. तुमच्या घरून जरिनाचाची ईदला डबा पाठवायच्या, तो बंद झाला. मी दरवेळी मनाशी म्हणायचो, ताईचं नीट स्थिरस्थावर होऊ दे, मग सांगतो. तिची दोन मुलं आता शाळेत जातात.

बुधवारी ऑफिसात यादी साहेबांना दाखवली. माउसनं गाणं धरायचं आणि हवं तिथं ठेवायचं, ही सोय सगळ्यांना आवडली. मी तिला एक जोड दिली होती: हलवलेल्या गाण्यापुढं छोटी खूण, आणि त्याची मूळ जागा थोडा वेळ रिकामी दिसावी. साहेब म्हणाले, "गाणं ऐकणाऱ्याला काय करायचंय कुणी हलवलं ते?" सगळे हसले. मीही हसलो, आणि जागेवर बसून ती खूण काढून टाकली. एका शब्दानं भांडलो नाही. त्या दिवशी मला माझीच किळस आली. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो म्हणून गप्प बसलो, अशी समजूत घालत आलो होतो. आता अठ्ठावीसचा आहे.

आणि हे पत्र आजच का, तर आमच्या धाकट्या दीक्षाचं लग्न ठरलंय, दोन मेला. गेल्या रविवारी आण्णा जेवता जेवता म्हणाले, "साउंडला कुतुबला बोलवू. लय वर्सं झाली. तुजी त्याची दोस्ती, तूच लिही त्याला, की आमी माफ केलं म्हणून." आठवडाभर कागद घेऊन बसलो. तुला माफ केलं, हे वाक्य माझ्या हातानं लिहायचं होतं. ते लिहवेना. आज सकाळी आण्णांना सगळं सांगितलं. ते जागचे उठले. मग खुंटीवरची टोपी घेतली आणि दारापर्यंत जाऊन थांबले. "मी आदी जाऊ का तू?" म्हणाले. मी म्हणालो, मी. आणि तरी तुझ्या दुकानासमोरून सरळ स्टँडवर आलो आणि सांगलीची गाडी पकडली. म्हणून हे लिहिलं. हे पाकीट सकाळच्या पहिल्या गाडीच्या कंडक्टरकडं देतोय, कारण मी तुला भेटून गेलो असं समजून उद्या दुपारी ते तुझ्याकडं येतील, कुतुब. बहात्तर वर्षांचा माझा बाप तुझ्यापुढं टोपी काढून उभा राहील, माझ्या चुकीसाठी. त्यांना उभं ठेवू नकोस. मला ठेव.

तुझा म्हणायचा हक्क गमावलेला, तरी तुझाच,
मिलिंद