भुताच्या पायातली चप्पल

दिग्रस, रविवार

बॅटरीच्या वायरी टीव्हीला जोडत होतो, तेवढ्यात शेजारचे मेकॅनिक सलीमभाई सीडी घेऊन आले. लोडशेडिंगमुळे टीव्ही ट्रॅक्टरच्या बॅटरीवर; तीही त्यांचीच. आधी मारधाडीचा सिनेमा लावला, कंटाळवाणा; मग विनोदी, तो त्याहून. बाबा वारल्यापासून आईनं उंबरठा ओलांडला नाही. आजही भिंतीकडे तोंड करून पडलेली. शेवटी भुताचा लावला. भुताच्या पायात रबरी चप्पल! आई उठून बसली.

"काहून रे, भुताचे पाय उलटे असते ना? यानं तं चप्पल घातली!"

"काटे टोचत असन, भाभी," सलीमभाई म्हणाले.

आई हसली. किती महिन्यांनी? सिनेमा टाकाऊच. पण त्या चपलेचे उपकार... आणि सलीमभाईंचे?

सोमवार, सकाळ. आईनं चप्पल घातली आणि कापूस वेचायला शेतात गेली.