आईची दोन नावं

आई, आज पुन्हा पासपोर्टच्या ऑफिसातून हात हलवत परत आले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण सध्या माझं तुझ्याशी रोज भांडण चालू असतं. स्वारगेटच्या स्टॉपवर, रिक्षात, भाजी निवडताना. तुझ्या नातीचं पहिलं बाळंतपण. ती परदेशात, डॉक्टरांनी तिला विमानप्रवास करू दिला नाही, म्हणून माहेरानंच तिच्याकडे जायचं ठरलं. माहेर म्हणजे मी. जन्मात कधी पासपोर्ट लागला नव्हता. आता लागला, तर वाटेत तूच आडवी आलीस.

पहिल्याच फेरीत काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, फॉर्ममध्ये आईचं नाव एक आणि जन्मदाखल्यावर भलतंच. नक्की कुठलं?" म्हटलं, दोन्ही तिचीच, लग्नात नाव बदललं. "मग त्याचं प्रूफ द्या." तिच्या मागचे साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "अहो, आपण भारतीय आहात याबद्दल आमची तक्रार नाही. फक्त आपण कुणाच्या, तेवढं ठरवून या." तुमच्या काळी लग्नाची नोंद कोण करत होतं? फॉर्ममधलं नाव बदलते म्हटलं, तर ते का बदललं याचाही पुरावा हवा. तुझ्या मृत्यूच्या दाखल्यावर सासरचं नाव. म्हणजे कागदोपत्री मला जन्म देणारी बाई अजून जिवंत आहे आणि वारली ती कुणी दुसरीच. मी तिथेच मोठ्यांदा हसले. नंतर रडूही आलं.

चूक आजोबांची. मी नारायण पेठेतल्या सूतिकागृहात झाले. आजोबा नोंद करायला गेले, कारकुनानं आईचं नाव विचारलं, आणि त्यांनी बेधडक स्वतः ठेवलेलं नाव सांगून टाकलं. बाळंतपणाला घरी आलेली लेक त्यांच्या लेखी सासरची नव्हतीच. सासरी मात्र त्या नावाला थारा नव्हता. मी सात-आठ वर्षांची असेन. मामा दारातून तुला जुन्या नावानं हाक मारतो, तू तव्यावरची पोळी तशीच टाकून पिठाच्या हातांनी धावतेस, पोळी करपते. आजी आतून म्हणते, "इथं या नावाचं कुणी राहत नाही." तू मागे फिरून करपलेली पोळी तव्यावरून काढतेस. संध्याकाळी मी गमतीनं तीच हाक मारली, तेव्हा मात्र माझ्यावर डाफरलीस. "मला आई म्हणायचं. दुसरं काही नाही."

आणि माझ्या लग्नात तांदळाचं ताट पुढे आलं, नवऱ्याच्या हातात अंगठी, त्यांच्याकडून नवं नावही ठरलेलं. तेव्हा तूच पुढे झालीस आणि विहीणबाईंना म्हणालीस, "आहे तेच लिहू दे. मुलगी तीच आहे." कुणी काही बोलायच्या आत तसं लिहूनही झालं. त्यामुळे माझं नाव सगळीकडे एकच आहे. मला सोडवलंस, मग स्वतःचं का नाही निस्तरलंस? माझा जन्मदाखला एकदा उघडून बघायचा होतास. याचा मला फार राग येतो, आई.

शेवटी शनिवार पेठेतून मामाला रिक्षात घालून वकिलाकडे नेलं, प्रतिज्ञापत्र करायला. वकील म्हणाले, "या दोघी एकच, हे आपण कशावरून सांगता?" मामाला आता नीट ऐकू येत नाही, पण हे बरोबर ऐकू आलं. "अहो, माझी सख्खी बहीण होती ती. तुमच्याकडे दोन असतील, आमच्याकडे एकच होती." कागद झाला, शिक्का बसला, ऑफिसात दिला. तेव्हापासून फाइल वर गेली आहे म्हणतात. वर म्हणजे कुठे, ते कुणी सांगत नाही. आजही तेच. "मेसेज येईल, मॅडम."

बाळ परवा झालं. मुलगी आहे. माझ्या वेळी तू रात्रंदिवस उशाशी बसून होतीस. तुझ्या नातीच्या उशाशी माझ्या वाटची खुर्ची रिकामी होती. मी फोनच्या पडद्यात बघत बसले. तिच्यासाठी केलेले डिंकाचे लाडू डब्यात तसेच आहेत. दुपारी तिनं विचारलं, "आई, पण नेमकं अडलंय कुठं?"

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. पाकिटावर तुझं कुठलं नाव घालायचं, तेही मला ठरवता येत नाही. एवढं एक सांगते. मी तिला म्हटलं, ऑफिसचा सर्व्हर बंद पडलाय, सगळ्यांचीच कामं खोळंबली आहेत. तिनं ऑफिसवाल्यांना इंग्रजीत मनसोक्त शिव्या घातल्या, मीही दोन मराठीतल्या घातल्या. तुझा विषय मी निघू दिला नाही. तुझ्यावर चिडायला मी एकटी पुरेशी आहे.