अस्मिताच्या नावानं

सोमवार, २२ सप्टेंबर
आज मुलुंडच्या वाचनालयात रुजू झालो. निवृत्तीनंतर पुन्हा डबा, पुन्हा इस्त्रीचा सदरा! सूनबाई मृणालिनी हसली. नात गार्गीनं बजावलं, आजोबा, पहिला दिवस आहे, रडू नका हं.

काम गोड आहे. इथल्या मुलांच्या कवितापाठ स्पर्धांची वर्षानुवर्षांची ध्वनिमुद्रणं संगणकात आहेत, ती ऐकून नावं लावायची. कुणाचा ‘र’ बोबडा, कुणी मध्येच नाक ओढतं. माझा वर्ग, खडूचा वास, बाकावरची उन्हं, सगळं परत आलं.

ग्रंथपाल वनमालाबाई रोज दुपारी कानाला हेडफोन लावून एकच कविता ऐकतात : ‘ओढ्या ओढ्या, हळू जरा, पाय माझा लहान’. आवाज त्यांच्या लेकीचा, अस्मिताचा. चौथीत असताना तापानं गेली. ती कविता फोनवर का घेत नाही, विचारलं. म्हणाल्या, रस्त्यात ऐकू आली तर पाऊल उचलत नाही हो.

बुधवार, १ ऑक्टोबर
संगणकातली डिस्क टिकटिक करू लागलीय. संगणकवाला सिद्धेश फोनवर म्हणाला, काका, ती गेल्यातच जमा, मशीन बंद ठेवा. दसऱ्यानंतर नवी डिस्क टाकतो आणि बॅकअपवरून सगळं भरतो. बॅकअप म्हणजे कपाटातली पाकिटाएवढी काळी डबी. तिला हात लावू नका, म्हणाला.

पण आज खंडेनवमी. वडील गिरणीत साच्याला, म्हणजे मागाला, झेंडू वाहायचे. आम्ही कोकणातली माणसं, हत्यार पुजल्याशिवाय राहवतं थोडंच! डबी पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं. पाणी शिंपडताना फुलपात्र कलंडलं. घाईघाईनं पुसली. चालते का पाहावं म्हणून टेबलावरच्या लॅपटॉपला लावली. जळका वास आला.

डबी परत कपाटात ठेवली. कुणाला बोललो नाही.

शनिवार, ४ ऑक्टोबर
सिद्धेशनं विचारलं, बॅकअपला पाणीबिणी लागलं का काका? नाही म्हणालो. या वयात, सरळ त्याच्या तोंडावर. त्यानं जुन्या डिस्कमधून निघालं तेवढं काढलं. पुष्कळ मुलं वाचली. अस्मिता नाही.

संध्याकाळी गार्गीकडून तीच कविता म्हणवून मोबाइलवर घेतली. स्पर्धेसाठी हवी, असं तिला सांगितलं. तिच्याशीही खोटं.

सोमवार, ६ ऑक्टोबर
गार्गीची कविता अस्मिताच्या नावानं नव्या डिस्कवर चढवली. वनमालाबाईंनी ऐकली. हेडफोन काढून माझ्याकडे पाहत राहिल्या. वाटलं, ओळखलं. हळूच म्हणाल्या, “मधुकरराव, आज न अडखळता म्हणाली हो.”

माझे हात धरले त्यांनी. त्या हातांनी जेवलो कसा, मला माहीत.

घरी गार्गीला कविता आठवेना. तोंड उघडते, शब्द नाहीत.

बुधवार, ८ ऑक्टोबर
हाक मारली तर गार्गी वळून पाहत नाही. मृणालिनीला काकू म्हणाली. आधी थट्टा वाटली. अंग तापलंय. डॉक्टरांना काही सापडत नाही.

वनमालाबाई आता दिवसभर ऐकतात. म्हणाल्या, हल्ली ती नव्या कविताही म्हणते.

मी एकच ध्वनिमुद्रित केली होती.

शुक्रवार, १० ऑक्टोबर
पुसून टाकायला गेलो. आधी ऐकली. कविता संपली, मग गार्गी— “आजोबा, अजून किती वेळ म्हणू?”

पुसली तर ती कुठं जाईल? बोट तसंच राहिलं— मागे वनमालाबाई उभ्या. सगळं सांगणार होतो. चहा घेता का, एवढंच विचारलं.

शनिवार, ११ ऑक्टोबर
वनमालाबाई घरी आल्यात. नात आजारी कळलं म्हणून, मोसंबी घेऊन. गार्गी पलंगावरून उतरली. “आई, किती उशीर गं.”

त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी इथं, या खोलीत येऊन बसलो. लिहितोय— मृणालिनी गार्गी, गार्गी म्हणून हाका मारतेय— कुणी ओ देत नाही—

दारातून दिसतंय. वनमालाबाई खाली वाकून तिला चपला घालताहेत. एकच वाक्य बोलायचंय. उठतो. सांगतो, की तो आवाज मी