कावळ्याला कबूल केलेलं मॅन्युअल

८ सप्टेंबर २००६. सकाळ.
पितृपक्ष लागला. गजेंद्रचं मॅन्युअल आजच सुरू. गेल्या वर्षी त्याच्या, माझ्या धाकट्या भावाच्या, दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. तुझ्या बायकोला, सपनाला, सांभाळीन म्हणालो. ढिम्म. घराची वाटणी नीट करीन म्हणालो. मान फिरवली. शेवटी वैतागून म्हणालो, बाबा रे, तुझ्या सॉफ्टवेअरचं मॅन्युअल लिहितो! लगेच झडप. त्यानंतर वर्षभर सवड मिळाली नाही. रिटायर्ड माणसाला कामं फार. आता सर्वपित्रीच्या आत पूर्ण. आष्टीत जन्मभर इंग्रजी शिकवलं, मला काय अवघड?

पुण्याची मोबाईल गेमवाली कंपनी मॅन्युअलशिवाय सॉफ्टवेअर घेणार नाही म्हणे. नाही घेतलं तर गजेंद्रचं सगळं काम कॉम्प्युटरसकट भंगारात. मी असताना? हॅट!

९ सप्टेंबर.
सॉफ्टवेअर समजलं. गेममधली माणसं म्हणजे बारीक चौकोन रंगवून केलेली बोटभर चित्रं. स्प्राइट म्हणतात. टोपी, मिशी, सदरा, प्रत्येकाचा वेगळा पारदर्शक थर, एकावर एक ठेवलेला. गजेंद्रचं सॉफ्टवेअर एका चित्राचा थर दुसऱ्यावर कॉपी करतं. शिपायाची टोपी वाण्याच्या डोक्यावर. बस्स! एवढ्यासाठी हा माणूस ताट थंड होऊ द्यायचा. पहिलं वाक्य लिहिलं: इट इज नीडलेस टु से. तेवढ्यात लोडशेडिंग.

११ सप्टेंबर.
वाण्याला शिपायाची टोपी दिली. टोपी आली. सोबत कोपऱ्यात एक माणूसही आला. पोट सुटलेलं, हात कमरेवर, तोंड उघडं. शिपायाच्या चित्रात हा दिसत नव्हता. मॉनिटर जुना झालाय.

१२ सप्टेंबर.
मॉनिटर पुसला. राणीचा हार चोराला दिला. हारासोबत तोच. चोराकडे नाही, माझ्याकडे बघतो. मी भूतबीत मानत नाही. खुर्ची तेवढी दाराजवळ ओढली, वाऱ्यासाठी.

१४ सप्टेंबर.
शेजारच्या बंडूजीला सहज म्हणून सांगितलं. तो म्हणाला, काऊन सर, मेलेल्या माणसाले देलेला शब्द राहून गेला का? त्याला चहा न देता वाटेला लावलं. मग कॉम्प्युटरला लिंबू-मिरची बांधली. उंदरांचा त्रास आहे.

१६ सप्टेंबर.
अर्पणपत्रिका पूर्ण. माझ्या नावाला कोणता फॉन्ट शोभेल, यात दुपार गेली. पोपटाची चोच बगळ्याला दिली, तर चोचीमागून तोच! ओरडलो. सपना पोळ्या सोडून धावत आली. ठसका लागला म्हणालो. तिनं स्क्रीन पाहिला, फिसकन हसली, मग पदरानं डोळे पुसत निघून गेली. मी काही विचारलं नाही. कामात होतो.

१८ सप्टेंबर.
आज टोपीची काही गरज नव्हती. तरी कॉपी केली. आला. बरं वाटलं.

गजेंद्रच आहे तो. जिवंतपणी काडीपैलवान होता, पण मेल्यावर फरक पडत असेल. त्याला बाजारात काय काय आलंय ते सांगितलं. बंडूजी कसा मूर्ख आहे तेही सांगितलं. दिवस छान गेला. मॅन्युअल उद्या.

२१ सप्टेंबर.
सपनाला बसवून हळूच म्हणालो, घाबरू नकोस, गजेंद्र गेलेला नाही, यात आहे. तिनं माउस घेतला, एक यादी उघडली. म्हणाली, भाऊजी, हा गजेंद्र नाई, हे तं तुम्ही आहा. यादीत थराचं नाव होतं: दादा. गजेंद्रनं चाचणीसाठी प्रत्येक चित्रात लपवून ठेवला होता, आणि सॉफ्टवेअर लपवलेले थरही सोबत नेतं. सपना म्हणाली, तुम्ही दारात उभे राहून जेवाले चाल म्हणून वरडत होते ना, तसंच काढलं त्यानं.

पोट अतिशयोक्त आहे.

ती गेल्यावर लाइट जाईपर्यंत एकूण एक चित्र उघडलं. सगळ्यांत मी. गजेंद्र एकाही चित्रात नाही. एकाही नाही.

२२ सप्टेंबर. सर्वपित्री.
गच्चीवर पान ठेवलं. कावळा कठड्यावर येऊन बसला. अर्पणपत्रिका झाली म्हणालो. ढिम्म. दिवाळीपर्यंत नक्की म्हणालो. कठड्याला चोच घासली. सपना खिरीची वाटी घेऊन वर आली. म्हणाली, मॅन्युअल तं म्या मागच्या आठवड्यातच लिहून धाडलं, पुण्याहून ‘हो’ म्हणून आलं. तुम्ही त्याच्याशी बोलून राह्यलते, म्हणून सांगितलं नाई. तिनं वाटी ठेवायच्या आत कावळ्यानं वडा उचलला.

माझं नाव आहे का, विचारलं. आहे म्हणाली. खाली येऊन वाचलं. माझ्याबद्दल इंग्रजीत एकच ओळ: ‘दादा’ हा थर लपवला तरी सोबत येतो, नको असल्यास हातानं काढावा. लाल पेन घेऊन बसलो होतो. एक चूक सापडली. राहू दिली.

पुण्याला पाठवलेल्या चित्रांतून तिनं तो काढला म्हणे. घरच्या कॉम्प्युटरवर राहू दे म्हणालो. संध्याकाळी वाण्याला परत शिपायाची टोपी दिली. आला. कमरेवर हात ठेवून जेवायला हाका मारतोय. कोणी उठत नाही.