बांधीतला बेडूक, उकव्याचा बेडूक

बालाघाट, रविवार

प्रिय प्रीतमदादा,

फोन वाजला की बाबा आधी स्पीकर लावायला सांगतात, आणि हे त्यांच्यासमोर बोलता येणार नाही. म्हणून लिहिते आहे.

त्यांच्या पायाची जखम घोट्याच्या वर गेली. साखर आटोक्यात नाही, आणि एकही अँटिबायोटिक त्या जंतूंना लागू पडत नाही. खोलीत दिवसभर उदबत्ती लावावी लागते. शेजारचे दारातूनच विचारपूस करून जातात.

मी बेडकांवरच्या या संशोधनाला लागले तेव्हा लालबर्‍याच्या आपल्या धानाच्या बांधीत उतरून पहिला बेडूक बाबांनीच धरून दिला होता. पाठीवरचा चिकट द्रव टिपून घेतला आणि त्याला पुन्हा धानात सोडलं. त्या द्रवात जंतू मारणारे प्रथिनांचे बारीक तुकडे असतात, पेप्टाइडं. दुसरा बेडूक उकव्याच्या जंगलातल्या ओढ्याचा. दोघांची पेप्टाइडं प्रयोगशाळेत तयार करून घेतली. कोणतं सरस, हे ताडून पाहणं एवढंच माझं काम. घरी हे सांगितलं तेव्हा तू जेवता जेवता हसलास, "बेडकाच्या कातड्यानं का कोनी बरा होते वं?" मी ताटावरून रडत उठले. तेव्हापासून बाबा तुझ्याशी मोजकंच बोलतात.

गेल्या महिन्यात बाबांच्या जखमेतले जंतू बशीत वाढवून मी दोन्ही पेप्टाइडं त्यांच्यावर सोडली. बांधीतल्याचं काही चाललं नाही. उकव्याच्या थेंबाभोवती मात्र रुपयाएवढं स्वच्छ वर्तुळ उमटलं, आत एक जंतू शिल्लक नाही. माणसाच्या रक्तावरची चाचणी बाकी होती, मला ठाऊक होतं. तरी राहवलं नाही. फोटो काढून बाबांना दाखवला.

पंधरा दिवसांनी ती चाचणी झाली. उकव्याचं पेप्टाइड तांबड्या पेशीही फोडतं. जे मारतं ते माणसालाही सोडत नाही, आणि जे माणसाला सोसतं ते जंतूला मारत नाही. तसंही असलं औषध माणसापर्यंत पोचायला कितीतरी वर्षं लागतात. एवढं तरी फोटोच्या दिवशीच सांगायला हवं होतं.

डॉक्टर म्हणतात, शनिवारपर्यंत पाय गुडघ्याखाली कापला नाही तर विष वर चढेल. बाबा सही करत नाहीत. ड्रेसिंगवाल्या गजेंद्रला मोबाइलवरचं ते वर्तुळ दाखवतात, "माही पोरगी दवाई बनवून राह्यली." मी सगळं खरं सांगितलं, दोनदा. डोक्यावर हात ठेवून मलाच म्हणाले, "थकली असशीन. पुन्हा करून पाह्य. मी थांबतो."

दादा, ते माझ्यासाठी थांबले आहेत, आणि थांबायला वेळ नाही. शनिवारच्या आत ये. त्यांच्या उशाशी बस आणि त्या दिवशी जेवताना बोललास तेच पुन्हा बोल, तसाच हसून. ते चिडतील, तुला हाकलतील. तू हटू नकोस. मी दारातच उभी असेन, आणि या वेळी तुझ्या बाजूने बोलेन.

तुझीच,
नूतन